बोटाला शाई, तोंडात थेंब न्हाई

आत्या, थांब, आधी हे ऐकून घे. आत्ताच्या आत्ता सांगायचंय, उद्यावर टाकलं तर माझ्या पोटात राहणार न्हाई. टेंभुर्णीहून येऊन मला तास बी झाला न्हाई, पिशवी पायाशी तशीच पडलीय, तोंड बी धुतलं न्हाई. आज रविवार, दुकान बंद. किल्ली माझ्याकडं असती म्हणून आत येऊन बसले अन् कॉम्प्युटर सुरू केला. हितं जालन्यात मी दिवसभर लग्नपत्रिका अन् कोर्टाचे अर्ज टाईप करते, तुझ्या तेराव्याची पत्रिका बी ह्याच खुर्चीवर बसून टाईप केली. "कै." टाईप केलं अन् पुढचं "शांताबाई" काही केल्या उमटंना. मालक म्हणले, ऊठ सोने, मी करतो. मी उठले न्हाई.

हे मी ब्लॉगवर टाकणार हाय. कोण वाचतं ठाऊक न्हाई. पण तुला पत्र टाकायला पत्ता उरला न्हाई, अन् घरात कुणाला सांगावं तर त्यांच्या डोळ्याचं पाणी आधीच थांबंना. वाचणाऱ्यांना तू माहीत न्हाईस, म्हणून दोन वाक्यं त्यांच्यासाठी, चिडू नको. ही माझी आत्या, बापाची थोरली बहीण. दोन वर्षांची असताना पोलिओनं उजवा पाय गेला. लग्न केलं न्हाई, आमच्यातच राहिली, गावची अंगणवाडी चालवली. चालताना उजव्या गुडघ्यावर हात दाबायची, पाऊल टाकायची, हात उचलायची, परत दाबायची. तिच्या सगळ्या साड्यांचा रंग त्या एका जागेवर उडालेला हाय. काल ट्रंक उघडली तव्हा दिसलं.

बस. आता तुझ्याशीच बोलते.

काल तेरावा झाला. पंगती उठल्यावर वस्तीवरची कांतावहिनी अन् मी मागं पराती घासत बसलो होतो, अन् तिनं सहज एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट तुला ठाऊक होती, तिला ठाऊक होती, तिच्या सासूला ठाऊक होती. मला एकटीलाच ठाऊक नव्हती. पण ती सांगायच्या आधी मी तुझ्यापासून काय लपवलं ते सांगते, न्हाईतर उलटं होईल.

तुला आठवतं, मी बारावीला होते अन् तू मला पहिल्यांदा पोलिओच्या कामाला नेलं? त्याच्या आदल्या सांजेला मी तुला म्हणलं होतं, "आत्या, दर बारीला तेच तेच थेंब कामून पाजायचे? एकदा पाजले की झालं ना." तू ज्वारी निवडून राह्यली होती. म्हणली, "तुझा बाप कपाशीवर एकच फवारा मारतो का?"

"पण लेकरं काय कपाशी हायेत का?"

"लेकरं न्हाईत, पण रोग तसाच हाय. गाजरगवत बघ. आपण आपल्या वावरातलं सारं उपटलं, अन् शेजाऱ्यानं धुऱ्यावर, बांधावर, चार ठोंबं ठेवली. पुढच्या साली कुठं उगवतं?"

"आपल्यात."

"मंग. हा रोग हगवणीतून, घाण पाण्यातून जातो. शंभर लेकरांच्या पोटात जाईल, सगळे खेळत राहतील, अन् एखाद्याचाच पाय घेईल. ज्याचा घेईल तो दिसतो, बाकीचे दिसत न्हाईत. म्हणून सगळ्यांना पाजायचं, एकाच टायमाला, अन् पुन्हा पुन्हा. एक धुरा बी सोडायचा न्हाई."

तव्हाच तू पहिल्यांदा स्वतःचं सांगितलं, तेबी हसत हसत. ताप आला, अंग तापलं, सकाळी पाय उचलंना. आजी म्हणली पायावरून वारं गेलं. मंग कुणीतरी सांगितलं म्हणून ग्रहणात तुला उकिरड्यात कमरेपर्यंत पुरलं. अख्खं ग्रहण सुटेपर्यंत. "खत तर चांगलं घातलं होतं माझ्या मायनं," तू म्हणली, "पाय काही उगवला न्हाई." मी हसले. अन् मंग मला वाटलं आपण हसायला नको होतं, तर तू म्हणली, "हस की. मीच तर सांगून राह्यले हसायला."

दुसऱ्या दिवशी आपली कामं वाटली गेली. रविवारी बूथवर जे लेकरू आलं न्हाई, त्याच्या घरी सोमवारी जायचं. गावातली घरं तू घेतली, कारण तुला लांब चालवत न्हाई, अन् शेतातल्या वस्त्या मला दिल्या. खांद्याला पेटी, त्यात बर्फ, बर्फात बाटली. लेकराच्या तोंडात दोन थेंब, मंग डाव्या हाताच्या करंगळीच्या नखाला शाई, मंग दारावर खडूनं खूण. तू मला दहादा सांगितलं होतं, आधी थेंब, मंग शाई. "शाई म्हणजे माझी सही हाय," तू म्हणली, "पाहिल्याबिगर सही करायची न्हाई."

आत्या, मी पाहिल्याबिगर सही केली.

कांतावहिनीच्या वस्तीवर. दुपार झाल्ती. माझी अकरा घरं राह्यली होती अन् मला सगळ्यांच्या आधी काम संपवून बूथवर येऊन बसायचं होतं, म्हणजे तिथली नर्सबाई सगळ्यांसमोर म्हणेल, शांताबाई, तुमची भाची लई हुशार. एवढ्यासाठी. दुसरं काही बी कारण न्हाई. वहिनी वावरात वेचणीला गेल्ती. घरात तिची सासू गोदामाय, चार वर्षांची रेणू, अन् झोळीत आठ महिन्यांचा विष्णू.

गोदामाय म्हणली, "त्याला रात्रीपासून हगवण लागलीय बाई. आत्ता कुठं डोळा लागला. ह्या टायमाला काही पाजू नको."

मी म्हणलं, "दोनच थेंब हायेत माय. हगवणीत बी चालतात."

"तू डाक्टर हायेस का?"

"न्हाई, पण..."

"मंग." तिनं माझं मनगट धरलं. जोरात न्हाई, मायेनंच. "हे बघ. त्याच्या नखाला शाई लाव अन् जा. तुझ्या कागदावर बी बराबर होईल अन् माझं लेकरू बी निजेल. तुझ्या आत्याला कोण सांगतंय?"

मी झोळीत हात घातला. त्याची करंगळी किती बारकी होती, शाई नखाच्या बाहेरच जास्त लागली. तो उठला बी न्हाई. रेणू माझ्या बाजूला उभी राहून बघत होती. मी दारावर खडूनं खूण केली अन् निघाले. रस्त्यात मला वाईट वाटलं का? खरं सांगते, न्हाई. पुढची दहा घरं मी पळत पळत केली, अन् बराबर केली. त्यामुळं मला वाटलं की एक घर त्यात विरघळून जाईल.

बूथवर मी सगळ्यांच्या आधी आले. नर्सबाई म्हणली ते मला पाहिजे होतं ते. अन् तू माझ्याकडं बघून हसली. ते हसू मी कित्येक वर्षं आठवत राह्यले, आत्या, कारण ते माझं नव्हतं.

रात्री भीती वाटाय लागली. विष्णूची हगवण थांबली का, ताप आला का, सकाळी त्याचा पाय उचलतोय का. मी कित्येक महिने कुणाकुणाला आडून आडून विचारत होते, कांतावहिनीचं लेकरू रांगायला लागलं का गं. रांगलं. उभं राह्यलं. चालाय लागलं. मला सुटल्यासारखं वाटलं अन् मी ते तुला कधीच सांगितलं न्हाई.

मंग पुढची बारी आली. सकाळी पेट्या भरताना तू म्हणली, "सोने, शाईचं पेन माझ्याकडं दे. तू यंदा गावातच माझ्यासोबत फिर. तू थेंब टाक, शाई मी लावते."

मी म्हणलं, "कामून? मला लावता येत न्हाई का?"

"येती. पण मी लावते."

"गेल्या बारीला मी एकटीनं सगळ्या वस्त्या केल्या. सगळ्यांच्या आधी."

"व्हय, लई जल्दी केल्या." एवढंच तू म्हणली. तेव्हा मला त्यात काही ऐकू आलं न्हाई. आता येतंय.

अन् मंग मी जे बोलले, ते मी हितं लिहायचं का न्हाई म्हणून आत्ता पाच मिनिटं नुसती बसले होते. लिहिते. मी म्हणलं, "तुला चालता येत न्हाई म्हणून दुसऱ्याचं चाललेलं तुला बघवत न्हाई."

अंगणात चार बाया होत्या. तू बाटलीचं झाकण बसवलं, पेटी बंद केली, अन् म्हणली, "पाण्याची बाटली घेतली का? ऊन हाय." अन् गुडघ्यावर हात दाबून निघाली. मी गेले न्हाई. त्या दिवशी न्हाई, अन् त्याच्यानंतर कधीच न्हाई. बारावी झाली, मी जालन्याला आले, टायपिंग शिकले, खोली केली. सणाला यायचे, तू पानात वाढायची, मी जेवायचे. तू शेजाऱ्यांकडून फोन लावायची, दर बारीच्या आधी एकदा. "रविवारी पोलिओ हाय. येती का?" मी म्हणायचे दुकानात काम हाय. तू म्हणायची बरं. अन् तेवढ्यावर फोन संपायचा. तुझा फोन आपटल्याचा आवाज मला एकदा बी आला न्हाई, हळूच ठेवायची तू.

माझ्या खोलीत मी एकटी असते, आत्या. भाकरी एकच टाकते. कधी काही चांगलं झालं की वाटतं कुणाला तरी सांगावं, अन् सांगायला जी आठवायची ती तूच असायची. मंग मला तुझा राग आठवायचा, म्हणजे माझाच राग, अन् मी गप बसायचे. मला वाटायचं तू आधी म्हणावं की चुकलं. आपल्यात एवढंच अडकलं होतं.

आता कालचं.

पराती घासता घासता कांतावहिनी म्हणली, "शांताबाईंचा पाय मी एकदाच बघितला बाई. माझ्या लेकरापायी दाखवला त्यांनी."

मी म्हणलं, "म्हणजे?"

तिला वाटलं मला ठाऊक हाय. ती सांगत गेली अन् माझे हात राखेतच राह्यले.

त्याच दिवशी, मी बूथवर बसून चहा पीत होते तव्हा, तू गिरणीपाशी पोत्यावर टेकली होती म्हणे. कांतावहिनीचा नवरा गाडीतून दळण घेऊन आल्ता, संगं रेणू. तू दर लेकराच्या बहीण-भावाला जे विचारायची तेच रेणूला विचारलं. मला ही तुझी पद्धत ठाऊकच नव्हती, आत्या. बायका खोटं बोलतील, शाई खोटं बोलेल, पण बारकं लेकरू नक्कल करताना खोटं बोलत न्हाई. तू विचारायची, "थेंब पिल्यावर आपल्या बाळानं तोंड कसं केलं गं?" अन् ज्यांच्या घरी थेंब पाजले ती लेकरं लगेच डोळे मिटून, ओठ वाकडे करून दाखवायची. रेणू म्हणली, "त्यानं तोंड केलंच न्हाई. निजला होता. सोनीताईनं नख रंगवलं नुस्तं."

पेट्या परत न्यायला जीप आल्ती, पण वस्तीच्या वाटेनं ती जात न्हाई. तू ड्रायव्हरला म्हणली मी येईपर्यंत थांब, पेटी खांद्याला लावली अन् त्यांच्या बैलगाडीत पिठाच्या डब्याशेजारी बसून वस्तीवर गेली. वहिनी तव्हाच वावरातून आल्ती. गोदामाय परत तेच बोलली, हगवण हाय, निजलाय. तू म्हणली हगवण असली तरी पाजता येतं, हगवण थांबली की अजून एकदा पाजू. ती काही ऐकंना. मंग तू अंगणात बाजेवर बसली, अन् साडी गुडघ्याच्या वर घेतली.

आत्या, मी तुझ्यासंगं एका घरात अठरा वर्षं वाढले. मी तुझा पाय कधी बघितला न्हाई. न्हाणीचं दार तू आतून लावायची, उन्हाळ्यात बी पदर पायावर ओढून निजायची. आईनं बी बघितला नसेल.

तू म्हणली, "गोदामाय, हात लाव." तिनं लावला न्हाई. तू म्हणली, "लाव की, चावत न्हाई. मनगटाएवढा हाय बघ. माझ्या मायनं बी असंच म्हणलं असेल, निजलंय लेकरू, निजू दे." गोदामायनं हात लावला. वहिनी म्हणती सासू जी रडाय लागली ती थांबंना, अन् तू तिलाच समजावत बसली. विष्णूला उठवलं, पाजलं. त्यानं असं तोंड केलं म्हणे की रेणू हसून हसून लोळली.

वहिनी तुला म्हणली होती, "त्या सोनीला चांगला दम द्या बाई." तर तू म्हणली, "न्हाई. तिला सांगू नको, अन् गावात बी बोलू नको. पोरगी लाजली तर परत कामाला यायची न्हाई. अन् मला पोरगी पाहिजे."

परतताना गाडी नव्हती. बैल सोडले होते. तू चालत गेली, दीड कोस, जीप उभी होती म्हणून जल्दी जल्दी. गुडघ्यावर हात दाबत. वहिनी म्हणली लांबवर दिसत होत्या बाई, पेटी हालत होती नुस्ती.

अन् मी त्या टायमाला बूथवर होते. तू आली तव्हा घामानं भिजली होती. मी विचारलं, कुठं गेल्ती गं. तू म्हणली, गिरणीवर. अन् हसली. ते हसू तेच.

तर आता माझं ऐक. मला तुझे पाय धरायचेत, अन् मला तुझ्याशी भांडायचंय बी, अन् दोन्हीला तू न्हाईस. तू चुकली, आत्या. बिलकुल चुकली. तू सांगितलं न्हाई म्हणून मी लाजले न्हाई, अन् लाजले न्हाई म्हणून रागावले, अन् रागावून गेले ते गेलेच. सांगितलं असतं तर मी एक दिवस रडले असते, दोन दिवस जेवले नसते, अन् पुढच्या बारीला मुकाट्यानं तुझ्यामागं पेटी घेऊन आले असते. तू मला राखायला गप बसली, अन् त्याच्यानंच मी हातातून गेले. एवढी हुशार बाई, अख्ख्या गावाच्या लेकरांची तोंडं वाचणारी, तुला घरातल्या पोरीचं तोंड कसं वाचता आलं न्हाई?

का आलं होतं? प्रत्येक बारीच्या आधी फोन करून "येती का" विचारायची, तव्हा तू वाट बघत होती का, की ही आपणहून सांगेल? मी सांगायला पाहिजे होतं. मला माहीत हाय की मीच सांगायला पाहिजे होतं. त्या अंगणात तुला ते बोलले तव्हा तुझ्या तोंडात एक वाक्य तयार होतं, चार बायांसमोर ते टाकलं असतं तर मी जागीच मेले असते, अन् ते तुझ्या हक्काचं होतं. तू ते गिळलं अन् मला पाण्याची बाटली विचारली. हे मला काल कळलं. तुझ्या तेराव्याला.

आज सकाळी निघताना नर्सबाई दारात आली. पुढच्या रविवारी बारी हाय, नवी सेविका यायला टाईम लागेल, तू येती का म्हणून. मी तिला आत बोलावलं अन् उभ्या उभ्या सगळं सांगितलं. विष्णूचं, शाईचं. म्हणलं, हे ऐकून मंग विचारा. ती म्हणली, "सहा वाजता पेट्या येतात. उशीर करू नको." मी हो म्हणले. पण तिच्याजवळ बोलून मला जे हलकं वाटायला पाहिजे होतं ते वाटलं न्हाई. ती नर्सबाई हाय. माझं बोलणं जिच्या नावानं होतं ती तू होती.

बस सुटली तव्हा रस्त्याच्या कडंला विष्णू दिसला. पोरांसंगं टायर पळवत होता. बसच्या बराबरीनं पळाला, बराच लांबवर, दोन्ही पायांनी, अन् मंग धुळीत दिसंनासा झाला. शेजारची बाई म्हणली, कामून रडती गं पोरी. तिला काय सांगू, मी म्हणलं धूळ गेली.

तुम्ही जे कुणी हे वाचून राह्यले, तुम्हाला एक विचारायचंय, अन् खरंच विचारतेय. तुमची चूक कुणी तुम्हाला न सांगता निस्तरली, अन् तुम्ही त्याच माणसावर वर्षानुवर्षं रुसून बसले, अन् कळलं तव्हा ते माणूस राह्यलं न्हाई, असं तुमच्यासंगं झालंय का? झालं असेल तर मंग तुम्ही ते कुणाजवळ बोलले?